काडेपेटीतली चार टोपणं

१

सोमवारी सकाळी साडेदहाला एक शिक्षिका ध्वनिसंग्रहालयात आली आणि तिने आपल्या आजीचा आवाज ऐकायला मागितला. आजी सुईण होती. चौतीस वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या माणसांनी तिच्यापुढे यंत्र ठेवून पन्नास मिनिटं तिच्या आठवणी टिपून घेतल्या होत्या. शिक्षिकेने हेडफोन चढवले, डोळे मिटले. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाली, "अजून सुरू झालं नाही वाटतं."

सुरू झालं होतं. पन्नास मिनिटं ते सुरूच राहिलं आणि त्यात काहीही नव्हतं.

बुधवारपर्यंत कळलं, की अशा एक नाही, दोनशे बारा ध्वनिफिती मुक्या झाल्या आहेत. मूळ फिती उरल्या नव्हत्या. सडू लागलेल्या फिती संगणकावर उतरवायच्या, दोन रस्ते पलीकडच्या साठवण-इमारतीत फायबरच्या लाइनीवरून प्रती पाठवायच्या आणि मग मूळ फिती नष्ट करायच्या, असा नियम होता आणि तो तंतोतंत पाळला गेला होता. नावाडी, विहिरी खणणारे, सुईणी. माणसं कधीच गेली होती, आता आवाजही गेले.

गुरुवारी कारण सापडलं. लाइन जिथे इमारतीत शिरते त्या भिंतीवरच्या पेटीला पिवळ्या कॉर्डच्या, म्हणजे छोट्या जोडवायरीच्या, जागी नारिंगी कॉर्ड लावलेली होती. शुक्रवारी ती लाइन जोडणाऱ्या जोडाऱ्याच्या नावे निष्काळजीपणाची नोटीस निघाली. त्यानंतर नवव्या दिवशी तो जोडारी पहाटे अंथरुणातच गेला. त्याला एकसष्टावं लागलं होतं.

आणखी तीन आठवड्यांनी त्याची बायको लाइन टाकणाऱ्या कंपनीत आली आणि तपासनीसबाईच्या टेबलासमोर बसली.

तपासनीसबाई तिला ओळखत होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती त्याच जोडाऱ्याच्या हाताखाली शिडी धरून उभी राहिली होती आणि दर शनिवारी या काकूंच्या हातचा चहा प्यायली होती. कंपनीत सगळे त्या जोडाऱ्याला टोपणकाका म्हणत. फायबरच्या प्लगच्या तोंडाशी काचेचा टिपका असतो आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपण असतं. बाकीचे जोडारी प्लग बसवला की टोपण फेकून देत. काका ते शर्टाच्या डाव्या खिशात टाकत, घरी नेत आणि प्रत्येक कामाची टोपणं वेगळ्या काडेपेटीत ठेवून वर जागा आणि तारीख लिहीत. उद्या प्लग काढायची वेळ आली तर त्याचं टोपण त्याला मिळायला हवं, म्हणून. माणसं हसत. काका डब्यातली अर्धी पोळी देतील, पण टोपण देणार नाहीत, असं म्हणत.

काकूंनी पिशवीतून एक काडेपेटी काढली. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरात संग्रहालयाचं नाव आणि नऊ महिन्यांपूर्वीची तारीख होती. आत चार टोपणं होती, पांढरी, दोन जाड, दोन बारीक.

"मला यातलं काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण यांनी चार टोपणं काढली म्हणजे चार तोंडं जोडली, एवढं कळतं. कुठली जोडली ते तू बघ. नोटिशीत यांच्या नावापुढे 'निष्काळजी' लिहिलंय. तेवढं खोडून दे. दुसरं काही नको."

"शुक्रवारी फाइल बंद होणार आहे, काकू."

"आज मंगळवार आहे."

काकू गेल्यावर तिने फाइल उघडली. पहिल्याच पानावर संग्रहालयाने पाठवलेला नारिंगी कॉर्डचा फोटो होता. त्याखाली नोटिशीचा आधार ठरलेली एकच ओळ होती: 'जोडणी करणाऱ्याची चूक. फोटोवरून स्पष्ट.' त्याखाली सही होती.

सही तिचीच होती. त्या दिवशी तिच्याकडे चाळीस तक्रारी आल्या होत्या, आणि ही निकालात काढायला तिला दीड मिनिट लागलं होतं.

२

संग्रहालयाचे संचालक उंच, नीटनेटके गृहस्थ होते. बोलताना टेबलावरच्या वस्तू काटकोनात लावत.

"मॅडम, मला वायरीतलं काही कळत नाही. हिरवा दिवा लागला की मी खूश, लाल लागला की तुम्हाला फोन."

"लाल कधी लागला?"

"लाल असा नाही. मंगळवारी साठवण-इमारतीतून फोन आला, लाइन रडतेय म्हणून. मधेच येते, मधेच जाते. सोमवारी त्या शिक्षिकेचा प्रकार झालेला. दोन अधिक दोन."

"त्याआधी नऊ महिन्यांत लाइन रडल्याची तक्रार?"

"एकही नाही."

ती थांबली. पिवळ्या कॉर्डमधली काचेची वाट नऊ मायक्रॉनची, केसाच्या दहाव्या भागाएवढी. नारिंगीतली पन्नासची. दोन्हींचे प्लग एकसारखे असतात, खटकन बसतात, म्हणून नवख्याला वाटतं काम झालं. पण रुंद वाटेतून निघालेला प्रकाश अरुंद वाटेच्या तोंडाशी सांडतो आणि पलीकडे जेमतेम तिरीप पोचते. अशी लाइन पहिल्या संध्याकाळपासून रडायला हवी. ती नऊ महिने गप्प होती, आणि हे फोटो पाहतानाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

"मूळ फिती नष्ट करण्याच्या कागदावर तुमची सही आहे. 'प्रती ऐकून खात्री केली.'"

"नमुन्यादाखल ऐकायच्या असतात."

"किती ऐकल्या?"

संचालकांनी स्टेपलर सरळ केला. "तीन. सुरुवातीच्या." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तीन हजार फिती आहेत मॅडम. ज्या बाई उतरवून घेतात त्या सव्वीस वर्षं हेच करताहेत. त्यांनी ऐकलं म्हणजे मी ऐकलं."

दोष वायरीचा निघाला तर या गृहस्थांची खुर्ची शाबूत राहणार होती. तिने ते मनात टिपून ठेवलं.

भिंतीवरची पेटी ध्वनिकक्षाच्या कोपऱ्यात होती. त्याखाली मांडणीत लुकलुकत्या दिव्यांचा नेटवर्क स्विच, त्याला लागलेल्या आठ-दहा कॉर्ड. तिने एकेकीवरून बोट फिरवलं. प्रत्येकीवर राखाडी धुळीचा पातळ थर होता. नारिंगीवर बोट फिरवलं, ते जवळपास स्वच्छच आलं. जी कॉर्ड नऊ महिने तिथे लोंबत होती म्हणतात, तिच्यावर महिन्याभराचीही धूळ धड नव्हती.

आणि ती मांडणीच्या दांडीला तारा बांधायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधली होती, एवढी की वरचं आवरण चेपलं होतं. काका वेल्क्रोची पट्टी वापरत, सैल. काचेला आवळलेलं सोसत नाही, हे शिडीवरून खाली बघत त्यांनी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

हे काम काकांच्या हातचं नव्हतं. मग कोणाच्या?

३

कक्षाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, फिती उतरवून घेणाऱ्या बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. पन्नाशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, मांडीवर करड्या लोकरीचं विणकाम. फिती संपल्यापासून त्यांना काम नव्हतं.

"बसा," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे तोंड करून बसा, उजेडात. तिकडे तुमचं तोंड अंधारात जातं."

तपासनीसबाईने खुर्ची वळवली. ताईंनी विणकाम बाजूला ठेवलं. सुयांच्या टोकांवरून टाके निसटू नयेत म्हणून टोकांना चिमुकली लाल टोपरी चढवलेली होती.

"छान युक्ती आहे."

"टाका एकदा पडला की खालपर्यंत उसवत जातो," ताई म्हणाल्या. "भावाच्या नातवासाठी विणतेय. वीणही अशी निवडलीय की पोरगं मोठं होईल पण स्वेटर पुरा होणार नाही."

"काकांना ओळखत होता?"

"ओळखत म्हणजे? लाइन जोडायला आले तेव्हा तीन दिवस इथेच होते. माणूस शिकवल्याशिवाय राहायचा नाही. पिवळी अशी, नारिंगी तशी. मी म्हटलं, मला काय करायचंय? म्हणाले, रोज ज्या रस्त्याने माल पाठवता तो रस्ता कसा आहे हे नको कळायला?" ताई जराशा हसल्या. हसू पुरं झालं नाही.

ताईंच्या पाठीमागच्या कपाटावर फोन वाजू लागला. सहा वेळा वाजून थांबला. ताईंनी वळूनही पाहिलं नाही. माणूस दुःखात असला की असं होतं, तपासनीसबाईला वाटलं. ताईंची नजर तिच्या ओठांवर खिळलेली होती.

"प्रतींची नोंदवही बघू?"

वही स्वच्छ होती. फीत क्रमांक, माणसाचं नाव, मिनिटं, ताईंची सही. नऊ महिन्यांपूर्वीच्या पानावर सगळ्यात वर, फितींच्या आधी, एक सुटी नोंद होती: 'चाचणी. अकरा सेकंद.' चार महिन्यांपूर्वीच्या पानावर समासात लिहिलं होतं: 'टेबल खिडकीशी हलवलं.' मुक्या दोनशे बारापैकी पहिली फीत त्याच दिवसाची होती.

"टेबल का हलवलंत?"

"उजेडासाठी," ताई म्हणाल्या. "लेबलं वाचायला."

"जुन्या वायरी कुठे ठेवता?"

ताईंनी खिळ्यावरची किल्ली दाखवली. कपाट उघडल्यावर जुनी यंत्रं, तारांची वेटोळी, एक बिघडलेला पंखा. सगळ्यात मागे, पंख्याच्या पात्यांमागे खोचलेलं, एक पिवळं वेटोळं. तिने ते बाहेर काढलं. एका टोकाला जाड प्लगची जोडी, दुसऱ्याला बारीक प्लगची. चारही तोंडं उघडी होती, धुळीने माखलेली.

चार तोंडं. खिशात तिने काडेपेटी चाचपली. दोन जाड, दोन बारीक.

काकांनी पिवळीच लावली होती. नंतर कोणीतरी ती काढली होती, आणि काढणाऱ्याकडे तिला घालायला टोपणं नव्हती.

"या कपाटाची किल्ली कोण कोण घेतं?" कपाटात डोकं घालूनच तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने वळून पाहिलं. ताई विणत होत्या.

४

कंपनीचा स्टोअरकीपर जाडजूड, तोंडाळ माणूस होता. काकांशी त्याचं तीस वर्षं भांडण होतं आणि काका गेल्यापासून त्याला भांडायला कोणी उरलं नव्हतं.

"टोपणकाका ना? माझा जीव खाल्ला त्याने," तो म्हणाला. "बघ, हे तुझं पान. पिवळी कॉर्ड एक, जाड-बारीक, घेतली. आणि हे खाली वाच."

खाली काकांच्या अक्षरात होतं: 'संग्रहालयाची जुनी नारिंगी कॉर्ड काढली. त्यांच्याच कपाटात ठेवली. त्यासाठी लाल रबरी टोपणं, नग चार.'

"जुन्या वायरीला टोपणं?"

"तेच मी म्हटलं. अरे बाबा, ती भंगारात जाणार. तिला टोपणं घालून काय मुंज लावायचीय? तर म्हणतो, भंगारात जाईपर्यंत तरी तिचे डोळे झाकलेले असू देत." स्टोअरकीपरने वही मिटली आणि थोडा वेळ तिच्यावर हात ठेवून बसला. "दिली मग. पांढरी संपली होती. लाल दिली. तसली लाल आता येत नाहीत. शेवटची चार होती ती."

तपासनीसबाईच्या डोळ्यांसमोर करडी लोकर आली आणि तिच्यावर दोन लाल ठिपके.

जाड प्लगचं टोपण आतून अडीच मिलिमीटरचं असतं. अडीच मिलिमीटरची विणायची सुई त्यात बरोब्बर बसते.

बुधवारी सकाळी ती संग्रहालयाच्या फाटकाशी पुन्हा उतरली. पहारेकऱ्याने सहीसाठी वही पुढे केली. सही करता करता ती मागची पानं चाळू लागली. एका नोंदीशी येऊन तिने पेन खाली ठेवलं.

नोटीस शुक्रवारी निघाली होती. शनिवारच्या पानावर, टपोऱ्या अक्षरात, काकांचं नाव होतं. आत: अकरा दहा. बाहेर: बारा वीस. कोणाला भेटायचं: ताई.

काका इथे आले होते. नारिंगी कॉर्ड, प्लॅस्टिकची टाय, लाल टोपरी, जे तिला दोन दिवसांत दिसलं ते त्यांना दारातच दिसलं असणार. आणि तरीही पुढचे आठ दिवस ते नोटिशीवर एक शब्द बोलले नव्हते.

५

तिने आधी मुकी फाइल उघडली. सुईणीची. फाइल आकाराने पुरी होती, कुठे तुटलेली नव्हती, कुठे अडकत नव्हती. खराब जोडणीने फाइल अर्धवट येते, उशिरा येते, नाही तर येतच नाही. पन्नास मिनिटांची अखंड, सपाट शांतता बनवून पाठवणं कुठल्याच कॉर्डला जमणारं नाही. ही शांतता वायरीत शिरण्याआधीच तयार झाली होती.

मग तिने चार महिन्यांपूर्वीची, टेबल हलवण्याआधीची एक फाइल लावली आणि ताईंचे हेडफोन कानांवर चढवले. दुसऱ्या क्षणी ते ओढून काढले. कोणी नावाडी कानात भोंगा लावून ओरडल्यासारखं झालं होतं. आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवलेली होती.

ती टेबलाखाली वाकली. फीत वाजवणाऱ्या जुन्या यंत्रातून संगणकाकडे जाणारी तार टेबल हलवताना ताणली गेली होती. तिचा प्लग अर्धा बाहेर लोंबत होता. यंत्रावरचा काटा फीत फिरली की नाचतो, प्लग बाहेर असो वा आत. चार महिने काटा नाचत राहिला आणि तार काहीच नेत नव्हती.

ऐकणाऱ्या कोणालाही हे पहिल्या मिनिटात कळलं असतं.

ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताई, शनिवारी काका तुम्हाला भेटून गेले ना?"

मागून फक्त सुयांची टिकटिक येत होती.

ती वळली, ताईंच्या समोर, उजेडात जाऊन बसली आणि तोच प्रश्न हळू पुन्हा विचारला.

सुया थांबल्या.

"किती दिवस झाले ऐकू येत नाही?"

"एकदम नाही गेलं," ताई म्हणाल्या. "आधी पाखरं गेली. मग फोन. मग हेडफोनमधली माणसं लांब जायला लागली, मी कळ वाढवत राहिले. ज्या खोलीत ऐकायचंच काम, तिथे बहिरी बाई कोण ठेवणार? मला दुसरं काही येत नाही. काटा नाचतोय म्हणजे माणूस बोलतोय, असं धरून चालले. रोज विणत बसले आणि तो नाचताना बघत बसले."

"आणि सोमवारी?"

"ती मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं मला. सगळ्यांच्या आधी मला कळलं." ताईंनी हाताचा तळवा लोकरीवर फिरवला. "संध्याकाळी सगळे गेल्यावर कपाट उघडलं. पिवळी काढली, नारिंगी लावली. काकांनीच शिकवलं होतं ना, कुठली लावली की लाइन रडते. मला वाटलं लाइन रडली की वायरीवर जाईल. वायरीवरून माणसावर जाईल, हे डोक्यात नव्हतं."

"शुक्रवारी तर कळलं."

"शुक्रवारी कळलं. शनिवारी सांगणार होते. ते स्वतःच आले." ताई आता तिच्या ओठांकडे बघत नव्हत्या, कोपऱ्यातल्या पेटीकडे बघत होत्या. "उभे राहिले तिथे. टायला हात लावला. मग माझ्या सुयांकडे बघितलं. मी नारिंगी कॉर्ड लावताना तिची टोपणं काढली, टाकवेनात. टाकू नका म्हणायचे ना. मग इथे तुम्ही बसलात तसे उजेडात बसले. त्यांना आधीपासून माहीत होतं, मी कुठे बघून ऐकते ते. म्हणाले, 'ताई, कान दाखवा कुणाला तरी.' बस. तासभर बसले, त्यावर दुसरं काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, 'माझी पाच महिन्यांची नोकरी राहिली. तुमची आठ वर्षांची आहे.'"

खिडकीबाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. तपासनीसबाई दचकली, ताई नाही.

"मी रोज ठरवत होते, उद्या सांगायचं. दहाव्या दिवशी चिठ्ठी आली, ते गेले म्हणून. मग कोणाला सांगायचं?"

"मला," तपासनीसबाई म्हणाली. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलली, कारण समोरची बाई तिचे ओठ वाचत होती आणि तिच्यापासून तोंड लपवणं बरं दिसलं नसतं. "नोटीस माझ्या ओळीवरून निघाली, ताई. मी इथे यायला हवं होतं. मी फोटो बघितला."

ताईंनी मान हलवली. मग ताईंनी विणकाम उचललं, सुयांच्या टोकांवरची दोन लाल टोपणं एकेक करून काढली आणि टेबलावर ठेवली. लोकरीच्या पिशवीच्या तळातून दोन बारीक काढून त्यांच्या शेजारी ठेवली. सुई कलली. काही टाके तिच्यावरून घसरले आणि उसवत खाली गेले. ताईंनी ते सावरले नाहीत.

६

शुक्रवारी दुपारी ती काकूंच्या घरी गेली. स्वयंपाकघराच्या फळीवर काडेपेट्यांच्या रांगा होत्या, शंभराच्या वर, तारखेनुसार लावलेल्या. संग्रहालयाच्या पेटीची जागा रिकामी होती.

तिने अहवाल वाचून दाखवला. जोडाऱ्याने योग्य कॉर्ड लावली होती, स्वच्छ लावली होती आणि ती नऊ महिने निर्दोष चालली. नोटीस रद्द. त्याखाली तीन चुका. प्रती न ऐकता सही करणारे संचालक. ऐकू येत नसताना ते लपवणाऱ्या आणि नंतर कॉर्ड बदलणाऱ्या ताई. या दोघांच्याही आधी, पहिल्या क्रमांकाला, जागेवर न जाता फोटोवरून दोष ठरवणारी तपासनीस.

काकूंनी शांतपणे ऐकलं.

"ती सही तुझी होती हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "नोटिशीबरोबर कागद जोडला होता. यांनी वाचला. म्हणाले, पोरगी दमलेली दिसते."

तपासनीसबाईने अहवालाची घडी घातली.

"त्या बाईचं काय होणार?" काकूंनी विचारलं.

"निलंबित केलंय. चौकशी होईल. कानाच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेले काल. यंत्राने थोडं येईल म्हणाले."

"यांना सगळं कळलं होतं तर."

"हो."

"आणि आठ दिवस माझ्या शेजारी बसून जेवत होते." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला तरी सांगायचं. मी काय गावभर करणार होते? रात्री झोपायचे नाहीत. मी म्हणायची काय होतंय, तर म्हणायचे, पित्त. आठ दिवस मी पित्ताचं औषध देत होते."

तपासनीसबाईने पर्समधून काडेपेटी काढली. पिवळी कॉर्ड तिने गुरुवारी स्वतः साफ केली होती, भिंगाखाली चारही तोंडं तपासून पुन्हा लावली होती आणि वेल्क्रोने सैल बांधली होती. कॉर्ड चालू असली की टोपणं पेटीत राहायची, हा काकांचा नियम. पेटीवर त्यांच्या तारखेखाली तिने कालची तारीख घातली होती. तिने ती फळीवर तिच्या रिकाम्या जागी ठेवली.

मग तिने फोन काढला.

"काकू, आणखी एक आहे. काकांनी लाइन जोडली त्या दिवशी ताईंनी ती चालते का बघायला मायक्रोफोन त्यांच्यापुढे धरला होता. त्या लाइनीवरून पलीकडे गेलेली पहिली फाइल तीच. दोनशे बारा आवाज गेले, पण ती आहे. अकरा सेकंद आहे."

काकूंनी हात पुसले, जणू काही हातात घ्यायचं होतं. खुर्ची ओढून फोनजवळ बसल्या.

आधी खुडबुड आली, मग खाकरणं. मग काका, जवळून, थोडे ओशाळलेले: "चाचणी. एक, दोन, तीन. काय बोलू? ... जोड बसली. टोपणं खिशात आहेत. पोचलं का तिकडे?"

संपलं. काकू फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेर कोणाच्या तरी घरी भांडी घासत होते, तो आवाज येत राहिला.

"घसा बसलाय यांचा," शेवटी त्या म्हणाल्या. "त्या दिवशी थंडी होती. मफलर खुंटीवरच ठेवून गेले होते, मी मागून हाका मारल्या होत्या." त्यांनी फोन किंचित स्वतःकडे सरकवला. "पुन्हा लाव."